रिवाइंडिंग

चोपड्याला मे महिन्यात पाणी रंग धरतं.
आधी मुगाच्या वरणाचा,
मग उकडलेल्या पालकाचा,
आणि एका सकाळी तळ दिसत नाही.

आठ बाय सहाचा हौद, मांडीइतका खोल.
दुकान पोराच्या हाती दिलं
आणि अंगणात मीच खणला, घोटाई मीच केली,
जळगावहून फुगवलेल्या पिशवीत अकरा मासे आणले.
लोक म्हणाले, हिलालआप्पा, मासे पाळता?
म्हटलं, पाळत नाही. बघतो.

चाळीस वर्षं मी लोकांच्या जळालेल्या मोटारी उघडल्या.
काळी पडलेली तार ओढून काढायची,
खाचेत कागद सारायचा,
नव्या तांब्याचे वेढे घालत बसायचं.
बोटं मोजायची, तोंड गप्पा मारायचं.
म्हणून पाण्यात ते लांब हिरवं दिसलं,
बायको म्हणाली, केस.
मला तार वाटली.

गेल्या साली चुकलो.
कृषी केंद्रातला जिजाबराव म्हणाला,
मोरचूद टाका आप्पा, दोन दिवसांत काच.
मोरचूद म्हणजे तांबंच की.
तांब्याशी माझं काय वैर?
खडे फडक्यात बांधले, पाण्यात फिरवले,
धोतराला नीळ देतात तसे.

खरंच काच झाली.
तळाशी नातवानं टाकलेला रुपया दिसला,
छापा की काटा तेही दिसलं.
तिसऱ्या पहाटे मासे वर,
तोंडं उघडी, पाणी सोडून हवा मागत.
मेलेलं शेवाळ खाली कुजत होतं
आणि कुजता कुजता पाण्यातला श्वास खात होतं.
सात गेले.
लिंबाखाली पुरले. यंदा लिंबाला फुलं बरीच आहेत.
त्यावर मी बोलत नाही.

बुधवारी तापीवरून पाटी घेऊन येतो सुपडू कोळी.
त्यानं हौदात बोट घातलं, हुंगलं,
लुंगीला पुसलं.
'हाई शेवाळ नही, आप्पा. हाई तुमनं उष्टं शे.'
दिवसातून किती वेळा खायला टाकता, त्यानं विचारलं.
चारदा.
का?
मी काही बोललो नाही.
दुकानात चहा चारदा यायचा.
हाताला ती वेळ अजून ठाऊक आहे.

आता एकदाच. दोन मिनिटांत संपेल इतकंच.
शेजारच्या केळीतून ठिबकचं युरियाचं पाणी झिरपायचं,
तिथं मातीचा बांध घातला.
ज्यानं त्यांची केळ पोसते
त्यानंच माझं गवत पोसत होतं,
भांडायचं तरी कुणाशी?
दुपारी दोरीवर केळीची पानं पसरतो,
ऊन अर्धं झालं की हिरवं जरा दमतं.
वर तरंगणाऱ्या बारीक टिकल्या
चहाच्या गाळणीनं उचलतो.
ती गाळणी घरात परत घेत नाहीत.

आणि तारेसाठी पऱ्हाटीची काडी.
खरबरीत, चांगली धरते.
पाण्यात घालायची, हळू फिरवायची,
वेढा, वेढा, वेढा.
बोटं अजून मोजतात:
बावीस, तेवीस.
सगळं काढायचं नाही, सुपडू म्हणतो,
कोपऱ्यातलं राहू द्यायचं,
त्यांनाही घर लागतं.

काल चव्वेचाळिसाव्या वेढ्याला
हिरव्यात काहीतरी हललं.
तांदळाच्या कणीएवढं, त्याला दोन डोळे.
बायकोला हाक मारली, ती पीठ मळत होती, आली नाही.

मी काडी पाण्यात धरली
आणि उलटी फिरवायला लागलो.
इतक्या वर्षांत बांधलेली कॉइल
मी एकदाही सोडवली नव्हती.
जळाली की कापायची, ओढायची, भंगारात.
सोडवायला वेळ लागतो.
घाई केली की तुटतं.

त्रेचाळीस, बेचाळीस,
ऊन पाठीवर आलं,
अकरा, दहा...

कुठल्या वेढ्याला सुटलं ते कळलंच नाही.
काडी रिकामी झाली तेव्हा
पाणी परत हिरवंच होतं.